आमचं जहाज आणि त्याची पाणबुडी

आम्ही दोघं एकाच दिवशी नौदलात भरती झालो. तो चांदूर बाजारचा, मी तेल्हाऱ्याकडचा. नागपूरला भरतीच्या रांगेत तो माझ्या पुढे उभा होता. मागे वळून त्यानं विचारलं, "समुद्र पाह्यला का बे कधी?"

मी म्हणालो, "नाई. तू?"

"मी बी नाई."

एवढ्यावर दोस्ती झाली. त्याचे वडील त्याला सोडायला स्वतःच्या जीपनं आले होते. घरची काळी जमीन, संत्र्याची बाग. रांगेतल्या पोरांना त्यांनी संत्री वाटली, त्यातली दोन माझ्याही हातावर ठेवली. माझे वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. त्यांना त्या दिवशी येता आलं नाही. पण आदल्या संध्याकाळी आमच्या विहारात सगळी वस्ती जमली होती. मला हार घातला गेला, आणि एका म्हाताऱ्या काकांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "वर्दी घातली का कोनी कोनाचा बाप पुसत नाई. ध्यानात ठेवजो."

ते खरं निघालं. ओडिशातल्या त्या सरोवराकाठच्या प्रशिक्षण केंद्रात आम्हा दोघांना सारखीच वर्दी मिळाली, सारखेच बूट, शेजारशेजारची खाट. पहाटेच्या परेडला शिव्याही सारख्याच पडायच्या. घरातून निघाल्यावर पहिल्यांदा मला वाटलं की आता मी आणि हा एकाच रेषेवर उभे आहोत. पोहण्यात तो पुढे होता, कारण शेतातल्या विहिरीवर तो लहानपणापासून उड्या मारायचा. गणितात आणि विजेच्या विषयात मी पुढे होतो. पुढे मी जामनगरला विजेचं शिक्षण घ्यायला गेलो आणि तो कोचीला सोनार शिकायला गेला. सोनार म्हणजे पाण्यातले आवाज ऐकून कुठे काय आहे ते ओळखण्याचं यंत्र. मी सुट्टीत घरी आल्यावर आईला हे सांगितलं तेव्हा ती चुलीपुढे हात थांबवून म्हणाली, "एवढ्या मोठ्या पाटलाचा पोरगा, अन् सोनाराचं काम?" मी तिची चूक दुरुस्त केली नाही. बरीच वर्षं केली नाही.

पाणबुडीच्या शाखेत जबरदस्तीनं कुणाला पाठवत नाहीत. आपणहून नाव द्यावं लागतं. आम्ही दोघांनी दिलं. नौदलात पाणबुडीवाल्यांचा रुबाबच वेगळा होता. छातीवर डॉल्फिनचा बिल्ला, चालण्यात एक ढिलेपणा, आणि काय काम करता विचारलं तर सांगायचं नाही, नुसतं हसायचं. मला ते हसू पाहिजे होतं.

विशाखापट्टणमला तपासणी झाली. नजर, छाती, दात सगळं ठीक निघालं. शेवटी आम्हाला एका गोल लोखंडी खोलीत बसवलं, दार आवळलं आणि आतल्या हवेचा दाब वाढवायला सुरुवात केली. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून आतून जोर लावायचा, म्हणजे कान सुटतात. त्याचे सुटले. माझा उजवा सुटला. डावा सुटेना. मी जोर लावत राहिलो, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मग कानात असं काही झालं की माझा हात आपोआप वर गेला. त्यांनी दाब उतरवला, दार उघडलं. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून विचारलं, "लहानपणी कान वाहायचा का?"

वाहायचा. आई लसणाची पाकळी टाकून तेल कोमट करायची आणि ते कानात सोडायची. आमच्याकडे सगळ्या पोरांचे कान असेच बरे व्हायचे.

बाहेर आल्यावर तो माझ्याजवळ आला. त्याचा केस हललेला नव्हता. म्हणाला, "कायले हात वर केला बे? सहन कराचं होतं ना जरासं."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते वाक्य माझ्यात रुतलं ते रुतलंच.

तो पाणबुडीत गेला. मला डेपो शिपवर पाठवलं. डेपो शिप म्हणजे काय, हे मला अकोल्यात आजही समजावून सांगावं लागतं. पाणबुडी आतून फार अरुंद असते. तिच्यात मोठी दुरुस्ती करायला जागा नाही, धड पाणी नाही, नीट झोपायलाही नाही. म्हणून तिच्यासाठी एक मोठं जहाज असतं. धक्क्याला किंवा दूर कुठे खाडीत नांगर टाकून ते उभं राहतं, आणि पाणबुड्या येऊन त्याच्या कुशीला बांधल्या जातात. जहाजावर लेथ मशीन, ओतकामाची भट्टी, बॅटरी चार्ज करायची सोय, टॉर्पेडोचं कोठार, ते खाली सोडायला क्रेन, दवाखाना, बेकरी, धोबीखाना, सगळं असतं. पाणबुडीवाले समुद्रातून परत आले की शिडी चढून वर येतात, आंघोळ करतात, स्वच्छ चादरीवर झोपतात. आम्ही त्यांची वीज, त्यांचं पाणी, त्यांचा पाव. सगळे आमच्या जहाजाला पाणबुड्यांची आई म्हणायचे.

जहाज काळ्या समुद्राच्या काठी बांधलेलं होतं. देशात पहिल्या पाणबुड्या आल्या, त्याच सुमारास तेही आलं, माझ्या कितीतरी आधी. दारांवर, कपाटांवर, स्विचांवर रशियन अक्षरं. जुनी माणसं नव्यांना ती वाचायला शिकवायची, नाहीतर चुकीचं बटण दाबलं जायचं. बर्फाच्या देशातल्या लोकांनी बांधलेलं, त्यामुळे ऊब देणाऱ्या नळ्या जागोजागी, आणि वारा यायला जागा कमी. विशाखापट्टणमच्या उन्हाळ्यात खालच्या मजल्यावर झोपताना आम्ही त्या नळ्यांकडे बघून शिव्या द्यायचो. पुढे आणि मागे तोफा होत्या. माझ्या काळात त्या फक्त सरावाला उडाल्या.

माझं काम बॅटरी विभागात होतं. पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते, आणि त्या बॅटऱ्यांना एकदम शुद्ध पाणी लागतं. ते पाणी आमचं जहाज समुद्राच्या पाण्यातून तयार करायचं. मी खारपाणपट्ट्यातला माणूस. आमच्या गावच्या विहिरीचं पाणी चुळीतच थुंकावं असं. सुट्टीत वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातल्या तांब्यात वाकून पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे समुद्राचं पानी गोड करता येते. अन् आपल्या गावाचं नाई येत."

तो ज्या पाणबुडीवर होता, ती आमच्याच कुशीला लागायची. महिनाभर समुद्रात राहून परत यायची तेव्हा मी वरून बघायचो. झाकण उघडायचं आणि एकेक माणूस बाहेर निघायचा. दाढ्या वाढलेल्या, अंगाला डिझेलचा वास, चेहरे पांढरे पडलेले. पण त्यांची जराही कीव यायची नाही. ते एकमेकांकडे बघून असे हसायचे की आपल्याला कळायचं, यांचं काहीतरी झालेलं आहे आणि ते आपल्याला कधीच कळणार नाही. तो शिडीवरून वर येताच मला मिठी मारायचा. विचारायचा, "न्हानीत पानी आहे ना बे?" मी म्हणायचो, आहे. कुठे गेला होता, काय केलं, हे मी विचारायचो नाही आणि तो सांगायचा नाही. मग न्हाणीतून त्या सगळ्यांचं मोठमोठ्यानं गाणं ऐकू यायचं. मी बॅटऱ्यांचं पाणी मोजत उभा असायचो.

त्याला डॉल्फिनचा बिल्ला मिळाला तो समारंभ आमच्याच जहाजाच्या डेकवर झाला. दिवे मी लावले होते. माइकही मीच जोडला होता. त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, पण हातात वायर होती, त्यामुळे आवाज आला नाही.

एकदा त्याच्या पाणबुडीत बॅटरीचा एक सेल गळायला लागला. आम्ही काही जण खाली उतरलो. फळ्या काढल्या की बॅटऱ्यांच्या रांगा असतात आणि त्यांच्या वर माणूस पोटावर सरपटेल एवढीच जागा. पूर्ण आठवडा आम्ही तिथे सरपटत होतो. काम झाल्यावर आमचा अधिकारी म्हणाला, "चाचणीसाठी पाणबुडी बाहेर जाणार आहे. रीडिंग बघायला आपल्यातले दोघं पाहिजेत. तू जा."

मी जरा जोरातच "येस सर" म्हणालो असेन, कारण अधिकारी हसला. कानाचं काय, असं मी विचारलंच नाही. विचारलं आणि त्यांनी नाव काढून टाकलं तर?

आमचं जहाजही त्या दिवशी सोबत निघालं होतं, काही झालंच तर मदतीला जवळ असावं म्हणून. बंदर मागे पडलं, झाकण बंद झालं. खिडकी नसते. माझ्या कल्पनेत निळं पाणी होतं, मासे होते. प्रत्यक्षात नळ्या, चाकं, काटे आणि पिवळा उजेड. पायाखालची जमीन थोडी कलली आणि मग सगळं शांत झालं. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कान दुखला नाही. काहीच झालं नाही. मी काट्यांकडे बघत होतो आणि मध्येच मान वळवून त्या लोकांकडे बघत होतो.

एक जण अरुंद वाटेनं चालला होता. बसलेल्या माणसाच्या खांद्याला त्यानं नुसतं बोट लावलं आणि बसलेल्यानं वर न बघता गुडघे आत ओढले. स्वयंपाक्यानं एकाच्या हातात चहा दिला, त्यानं तो पुढच्याला दिला, त्यानं त्याच्या पुढच्याला, आणि ज्याचा होता त्यालाच तो पोचला. कुणी एक शब्द बोललं नाही. आमच्या जहाजावर शेकडो माणसं होती, आम्ही एकमेकांना हाका मारायचो, भांडायचो, जिवाला जीवही द्यायचो. पण असं नव्हतं आमच्यात. तोपर्यंत मला बिल्ल्याचा, त्या हसण्याचा हेवा वाटायचा. त्या दिवसापासून मला त्या गुडघ्यांचा हेवा वाटायला लागला.

पहिल्यांदा पाण्याखाली आलेल्या माणसाला तिथे समुद्राचं पाणी प्यायला देतात. सगळे माझं तोंड बघायला जमले. मी पेला एका दमात रिकामा केला आणि परत दिला. कुणाचा विश्वास बसेना. माझा मित्र मागून म्हणाला, "अरे, हा तेल्हाऱ्याकडचा आहे. याच्या गावात याच पान्याचा चहा करतात." सगळे हसले, मीही हसलो. तेवढ्या वेळापुरता मी त्यांच्यातला होतो.

मग त्यानं मला जवळ बोलावलं, कानावरचे हेडफोन काढून माझ्या डोक्यावर ठेवले. आधी नुसती तडतड ऐकू आली, गरम तेलात मोहरी टाकल्यासारखी. "ते झिंगे आहेत," तो म्हणाला. मग त्यानं एक चाक हळूच फिरवलं आणि तडतडीच्या मागून एक आवाज आला. धप्, धप्, धप्. जड, संथ.

"ओयखला?"

मी मान हलवली. नाही.

"तुमचं जहाज आहे. बुढ्यावानी चालते."

मला राग आला. आमचं जहाज बुढं नव्हतं. आणि असलं तरी ते त्यानं म्हणायचं नव्हतं. मी हेडफोन काढून दिले आणि रीडिंग घ्यायला गेलो. परत कधी पाणबुडीतून जायची वेळ आली नाही.

पुढे जहाज खरंच म्हातारं झालं. रशिया फुटला आणि सुटे भाग मिळेनासे झाले. एखादा पंप बिघडला की आमच्याच लेथवर त्याचा भाग बनवायचा, आमच्याच भट्टीत ओतायचा. पाणबुड्यांसाठी किनाऱ्यावर नव्या सोयी झाल्या. त्या आमच्या कुशीला कमी लागायला लागल्या. माझी मुदत संपली तेव्हा मी घरी आलो आणि अकोल्यात बसस्टँडजवळ बॅटरीचं दुकान टाकलं. ट्रॅक्टर, ट्रक, इन्व्हर्टर. त्याला बढत्या मिळत गेल्या, तो माझ्यानंतर बरीच वर्षं राहिला, आणि मग अमरावतीत बंगला बांधून राहू लागला. बाग गावाकडे आहेच.

जहाजावरचा झेंडा सूर्यास्ताला शेवटचा उतरवला, त्याचे फोटो मला एका जुन्या सोबत्याकडून उशिरानं पाहायला मिळाले. नंतर कळलं, ते भंगारात विकलं. कुठल्याशा किनाऱ्यावर त्याचे तुकडे झाले. आणि माझ्या मित्राच्या पाणबुडीसारखीच एक पाणबुडी, तिची बहीणच म्हणा, विशाखापट्टणमच्या वाळूत आणून ठेवली आहे. लोक तिकीट काढून बघतात. लहान पोरं तिच्यासमोर आइस्क्रीम खातात. तो तिथे दरवर्षी जातो आणि आत उभा राहून फोटो पाठवतो.

मीही एकदा बायकोला घेऊन गेलो. ती वाकून वाकून शेवटपर्यंत बघत गेली. बाहेर आल्यावर पदरानं घाम पुसत म्हणाली, "एवढुशा जागेत माणसं राहत होते? भाऊजीनं कसे दिवस काढले असतीन बाई."

मी म्हणालो, "अन् मी?"

"तुमी तं जहाजावर होते ना. तुमाले पंखा होता."

मागच्या हिवाळ्यात आमच्या दुकानाचं गिऱ्हाईक असलेल्या एका कॉलेजच्या प्राचार्य बाई दुकानात आल्या. माजी सैनिकाचा सत्कार ठेवायचा होता. मला वाटलं, माझाच. त्या म्हणाल्या, "अमरावतीचे तुमचे मित्र पाणबुडीत होते ना? मुलांना फार उत्सुकता आहे. त्यांना बोलवायचंय. आणि सर, पाहुण्यांचा परिचय तुम्हीच करून द्या. अगदी थोडक्यात."

मी हो म्हणालो. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "परिचय म्हंजे परिचयच करजा. मी वयखतो तुमाले."

कार्यक्रमाच्या दिवशी तो पांढऱ्या शर्टावर बिल्ला लावून आला. केस अजून जसेच्या तसे, फक्त रुपेरी. पोरं त्याच्याभोवती मोबाइल घेऊन उभी राहिली. त्याची बायको आणि माझी बायको पहिल्या रांगेत बसल्या. माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेलो आणि म्हणालो, "पाहुणे ज्या पाणबुडीत होते, ती पाणबुडी कुणाच्या जिवावर चालायची, ते आधी सांगतो."

आणि मग मी सांगत सुटलो. काळ्या समुद्रापासून सुरुवात केली. रशियन अक्षरं, भट्टी, क्रेन, टॉर्पेडो दोरीनं खाली सोडताना एक माणूस नुसत्या हाताच्या खुणांनी क्रेनवाल्याला कसा चालवायचा ते. अंदमानात नांगर टाकून आम्ही राहिलो आणि तीन पाणबुड्या एकाच वेळी आमच्याकडून पाणी पीत होत्या ते. बेकरीतले पाव गरम असतानाच पोत्यात भरून खाली जायचे ते. प्राचार्य बाई खुर्चीवरून उठल्या आणि परत बसल्या. शिपायानं माझ्यापुढे पाण्याचा पेला आणून ठेवला. मी पाणी प्यालो आणि वादळाची गोष्ट सुरू केली.

वादळाची सूचना आली की जहाजं बंदर सोडून खुल्या समुद्रात जातात, कारण धक्क्याला आपटून फुटण्यापेक्षा ते बरं. पण त्या वेळी त्याची पाणबुडी आमच्याकडे दुरुस्तीला होती, इंजिन उघडलेलं. ती हलू शकत नव्हती. म्हणून आम्हीही हललो नाही. भर दिवसा अंधारल्यासारखं झालं. पाणबुडीचे दोर एकेक करून तुटत होते आणि आम्ही डेकवर कंबरेला दोरी बांधून नवे दोर टाकत होतो. ती आमच्या अंगावर आपटू नये म्हणून मध्ये टायर सोडत होतो. माझ्या हाताची सालटी निघाली. पाणबुडीला ओरखडा आला नाही. आमच्या जहाजाला एक मोठा पोचा आला, तो शेवटपर्यंत तसाच राहिला.

हे ऐकताना हॉल शांत होता. मला तिथेच थांबायला हवं होतं. पण मी म्हणालो, "आणि आजचे पाहुणे तेव्हा कुठे होते? पाहुणे सुट्टीवर होते."

पोरं हसली. मी खाली उतरलो. बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही.

तो सावकाश उठला, माइक हातात घेतला. "बरोबर सांगतलं त्यानं," तो म्हणाला, "सुट्टीवरच होतो. लग्न होतं माह्यं." आणि पहिल्या रांगेकडे हात केला. "वादय त्या दिवशी इकडे बी आलं. ते पाहा, तिथं बसलं आहे."

हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. त्याची बायको तोंडावर रुमाल धरून हसत होती. माझीही. वेळ माझ्यामुळे उरलाच नव्हता, तरी त्या उरल्यासुरल्या वेळात त्यानं सगळ्यांना खिशात टाकलं. पोरांनी त्याला विचारलं, खाली भीती वाटायची का, टीव्ही होता का, शत्रूची पाणबुडी कधी ऐकली का. शेवटच्या प्रश्नाला तो नुसतं हसला. तेच ते हसणं. मग एकानं विचारलं, "सर, त्या डेपो शिपवर तुम्ही काय करायचे?"

तो म्हणाला, "याच्या जहाजावर आमी आंगोय कराले जात होतो."

परत हशा. एवढं मी सांगितलं, काळा समुद्र, भट्टी, वादळ, आणि त्यानं एका वाक्यात आमच्या सगळ्या जहाजाची न्हाणी करून टाकली.

कार्यक्रमानंतर बायका मागे राहिल्या, आम्ही दोघं बाहेरच्या टपरीवर चहा घ्यायला गेलो. तो बशीत चहा ओतत म्हणाला, "माह्या टाइम खाल्ला तू."

"तू माह्या जहाजाची न्हानी केली."

"खोटं आहे का?"

"खोटं नाई. पन तेवढंच आहे का?"

त्यानं बशी संपवली. मग विचारलं, "एवढं सारं सांगतलं. तू खाली आलता आमच्यासंग, समुद्राचं पानी पेलता, ते काहून नाई सांगतलं?"

मी म्हणालो, "ते तुमचं होतं. मले नुसतं दाखवलं."

रस्त्यावरून सरकीच्या गोण्या भरलेला ट्रक गेला, धूळ बसेपर्यंत आम्ही दोघांनी पेल्यांवर हात ठेवले. मग तो म्हणाला, "समुद्रातून अंदमानाले परत येताना, तुमी तिथं नांगर टाकून राहत. मी हेडफोन लावून तुमच्या जनरेटरची घरघर हुडकत राहो. लय दुरून लागे ते कानाले. आधी तडतड, मंग त्याच्यात ते. लागलं का मी हळूच सांगो, आलं. अन् सारे आपापलं साबन काढून ठेवत."

"साबन?"

"मंग काय. महिनाभर आंगोय नाई. साबन हातात धरून बसत लोक. मोठमोठे लोक. मी हासाले नाई सांगतलं ते तिथं. तुले वाटलं मी हासून राह्यलो."

मी चहाचा पेला टपरीवर ठेवला. आमचं जहाज मी बाहेरून पाहिलं होतं, आतून पाहिलं होतं, त्याच्या पोटात वर्षानुवर्षं झोपलो होतो. पण ते लांबून, पाण्याखालून येताना कसं ऐकू येतं ते मला एकदाच मिळालं होतं आणि त्याला कितीतरी वेळा. म्हणजे माझं जहाजही याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त होतं. घरी जाताना मनाशी हेच चाललं होतं. त्याच्या बोलण्यानं बरं वाटलं पाहिजे होतं. थोडं वाटलंही. पण जळफळाट गेला नाही, त्याला एक नवी जागा मिळाली.

पुढच्या महिन्यात त्याचा फोन आला. चांदूर बाजारच्या शाळेनं त्याला बोलावलं होतं. "मी सांगतलं, दोघं येऊ. तू आधी बोलजो, पोटभर," तो म्हणाला. मी नाही म्हणणार होतो. बायकोनं फोन माझ्या हातातून घेतला आणि "येतो भाऊजी" म्हणून सांगून टाकलं.

शाळेत बायको वर्गातच बाईंशेजारी बसली आणि मी आधी बोललो. या वेळी आटोपतं घेतलं. पाणबुड्यांची आई म्हणायचे आमच्या जहाजाला, हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. तेलानं चप्प केलेल्या दोन वेण्या, हातात शाळेची ओढणी गुंडाळलेली. तिनं विचारलं, "सर, जहाजावर बाया होत्या का?"

मी म्हणालो, "नाई. त्या काळात एकबी नव्हती."

"मंग आई कशी?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे पाहिलं. तोही डोकं खाजवत होता, आणि त्याचं मला जरा समाधान वाटलं. मी म्हणालो, "पाव भाजे, कपडे धुवे, दुखलं-खुपलं पाहे. म्हनून म्हनत असतीन."

मुलगी विचार करून म्हणाली, "ते तं माह्या बापबी करते." आणि खाली बसली. बाई तिला रागावल्या. आम्ही दोघं मात्र तिच्याकडे बघत राहिलो.

दुपारी त्याच्या गावच्या घरी जेवलो. बागेत संत्री लागली होती, मृग बहाराची, झाडाखाली टेकू द्यावे लागले होते एवढी. जाताना त्यानं पिशवी भरून दिली. अकोल्याच्या बसमध्ये बायको खिडकीशी बसून एक सोलत होती. मी तिला विचारलं, "आज कोन चांगलं बोललं?"

तिनं एक फोड माझ्या हातावर ठेवली, एक स्वतः खाल्ली, आणि म्हणाली, "ते पोट्टी."